तातडीचं: आईसाठी वॉशिंग मशीन, रविवारच्या आत

अश्विनी:

मंडळी,

कोल्हापुरात शाहूपुरीत आईकडे असलेल्या मशीनचं व्हायचं ते झालं. सर्व्हिसवाला येऊन पाच मिनिटं बघून गेला. ‘पीसीबी गेलंय’ (आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) म्हणाला आणि नव्या मशीनच्या निम्मा आकडा सांगितला. वर स्पिनला लागली की एसटी घाट चढल्यासारखा आवाज येतोच. आई म्हणते, एवढे घालायचे तर नवीनच घे.

रविवारपर्यंत ऑर्डर टाकायची आहे. सोमवारपासून संजू (आपल्या ढोलांची पानं पाठवली होती तोच) महिनाभर साइटवर जातोय, मग मशीन वर चढवून घ्यायला घरी कोणी नाही.

मशीन वरच्या मजल्यावरच राहणार, त्यावर चर्चा नको. २०१९ च्या पुरात खालची गेली. २०२१ ला ही वेळेत वर नेली म्हणून वाचली. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याची बातमी आली की आई फ्रिजसुद्धा वर न्या म्हणते. तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेतच.

फ्रंट लोड की टॉप लोड? आणि चार वर्षांनी ‘पार्ट येत नाही’ हे वाक्य ऐकायला लागणार नाही अशी कुठली?

अश्विनी

---

मिलिंद:

अश्विनी, मशीन इथून जर्मनीतूनच घे आणि पाठव. डिसेंबरात आपल्यातलं एक कुटुंब कायमचं परत जातंय, त्यांच्या कंटेनरमध्ये जागा आहे. व्होल्टेज इथंही २३० आणि ५० हर्ट्झ, तिथंही तेच. फक्त प्लग बदलायचा आणि १६ अँपिअरचा पॉइंट द्यायचा, कारण पाणी तापवताना ही मशीन २००० वॉट सहज ओढते. आमच्या अमेरिकेतल्या मेव्हण्यासारखी १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची भानगड आपल्याला नाही.

पार्टचं म्हणशील तर इथं कायदाच आहे. १ मार्च २०२१ पासून युरोपियन युनियनमध्ये मोटर, पंप, बेअरिंग, पीसीबी हे सगळं मॉडेल बंद झाल्यावरही किमान १० वर्षं मिळायला हवं, तेही १५ कामकाजाच्या दिवसांत. भारतात असं बंधन कुठं आहे?

मिलिंद

---

रणजित:

मिलिंददादा, कायदा इथला आणि मशीन शाहूपुरीत. पार्ट आणायला काय आईंनी फ्रँकफर्टला यायचं व्हय?

ताई, माझं सरळ मत. मिस्त्री आधी ठरवा, मशीन नंतर. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत जो माणूस येतो तो ज्या कंपनीचं काम रोज करतो, ती मशीन घ्यायची. त्याच्या डिकीत जे पार्ट असतात तेच खरे पार्ट. बाकी सगळं कॅटलॉग.

रणजित

---

स्मिता:

रणजितशी पहिल्यांदाच सहमत. (पुणेकर म्हणतेय म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवू नकोस.)

पण सेमी ऑटोमॅटिक का नको? सासूबाईंची अजून चालू आहे. दोन मोटर, दोन टायमर, एक कॅपॅसिटर. बिघडायला त्यात आहेच काय? ड्रायरच्या ब्रेकची तार तुटते तेवढी. ती कोपऱ्यावरचा पोरगा बदलतो. पाणी बादलीनं ओतलं तरी चालतं.

---

अश्विनी:

स्मिता, ओले कपडे उचलून शेजारच्या ड्रायरमध्ये टाकायला वाकावं लागतं, आणि तेच तर नको आहे. ओली चादर केवढी जड होते! सेमी बाद.

---

नीता (या मेलिंग लिस्टची व्यवस्था):

सर्वांना आठवण. कंटेनर, सामान, ‘कोणी येतंय का, कोणी जातंय का’ हे सगळं सामानाच्या वेगळ्या लिस्टवर. मागं मिक्सरच्या वेळी काय झालं ते विसरला नसाल. मिलिंद, त्या कुटुंबाला न विचारता त्यांची जागा वाटू नये ही विनंती.

नीता

---

मिलिंद:

वाटली नाही, सुचवली. आणि मिक्सर माझा नव्हता.

---

शशीकाका:

चि. अश्विनी,

ऑर्डर टाकू नकोस. आधी मला सांग, मशीन कधी अडते? रोज की काही वेळा? सकाळी की संध्याकाळी? पाणी घेताना की पिळताना? पाच मिनिटांत पीसीबीचं निदान करणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, बरीच वर्षं काढली आहेत. तिथं पोरगं आधी यंत्राला कान लावतं, मग पाना उचलतं.

माझा संशय पाण्यावर आहे. तुमची टाकी गच्चीवर स्लॅबलाच टेकवलेली आहे ना? वरच्या मजल्याची उंची धर १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर. मशीनला पाणी मागून वरच्या बाजूला शिरतं, जमिनीपासून ८५-९० सेंटीमीटरवर. म्हणजे टाकीच्या तळापासून त्या तोटीपर्यंत सव्वादोन मीटरसुद्धा उतार मिळत नाही. १० मीटर उंचीला एक बार दाब, म्हणजे तुला मिळतो जेमतेम ०.२ बार. बऱ्याच फ्रंट लोडना किमान ०.३ लागतो, काहींना ०.५. तो नसला की पाणी थेंब थेंब येतं, ठरलेली वेळ उलटते, मशीन एरर दाखवून थांबते. सर्व्हिसवाल्याच्या डोळ्यासमोर दिवा लुकलुकतो आणि तो म्हणतो पीसीबी. खाली असताना हीच मशीन नीट चालत होती, बरोबर?

टाकी काठोकाठ असली की पाण्याची आणखी एक मीटर उंची मिळते. तेव्हा चालते. अर्धी झाली की अडते.

संजूकडून एवढं करून घे. मशीनच्या मागचा पाण्याचा पाइप सोडायचा. तोटीच्या तोंडात छोटी जाळी असते, ती पकडीनं अलगद ओढून काढायची आणि जुन्या टूथब्रशनं घासायची. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तो सगळा गाळ तिथं बसतो. मग पाइपचं तोंड त्याच उंचीवर धरून खाली १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. एकदा टाकी भरलेली असताना, एकदा उतरलेली असताना.

आवाजाचं वेगळं. मशीन बंद करून दार उघडायचं, ड्रमची वरची कड हातात धरून वर-खाली हलवायची. खटखट खेळत असेल तर बेअरिंग गेलं. फिरवताना नुसती घरघर असेल तर जाण्याच्या वाटेवर आहे.

शशीकाका

---

रणजित:

काका, नाद खुळा. सव्वादोन मीटर जर्मनीत बसून मोजलं की!

---

मिलिंद:

काकांचं गणित मान्य. पण समजा बेअरिंग गेलेलं निघालं, तर? आजकाल बाहेरचा टब दोन अर्धी भांडी चिकटवून बंद करतात. स्क्रू नसतात. आतलं बेअरिंग बदलायचं तर अख्खा टब-ड्रम नवा घ्या म्हणतात, आणि तिथं हिशेब संपतो. म्हणून विकत घेण्याआधीच बघायला हवं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून मशीन दुरुस्तीला किती सोपी याचे १० पैकी गुण किमतीशेजारी लावायला सुरुवात झाली. उघडायला किती सोपी, पार्ट मिळतात का, पार्ट केवढ्याला, सगळं त्यात धरायचे; २०२५ पासून वॉशिंग मशीनला त्याऐवजी टिकाऊपणाचे गुण लावतात. भारतात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, पण दुकानात उभं राहून तुम्हाला गुण दिसत नाहीत.

आणि रणजित, तुझ्या मिस्त्रीच्या डिकीत चिकटवलेला टब मावत नाही.

---

रणजित:

चिकटवलेला टब कापतात दादा. हॅक्सॉ ब्लेडनं जोडावरून गोल कापायचा, आधी भोकं मारून घ्यायची, बेअरिंग बदललं की सिलिकॉन लावून नट-बोल्टनं आवळायचा. आमच्याकडं होतं हे. कंपनी वॉरंटी देणार न्हाई, पण पाणी गळत न्हाई.

---

शशीकाका:

गळतं, जर कापणाऱ्याचा हात हलला तर. रणजित, मी असे दोन्ही प्रकारचे टब पाहिले आहेत.

बेअरिंग ही अडचणच नव्हे. बहुतेक मशीनमध्ये ६२०५-६२०६ किंवा ६३०५-६३०६ नंबरच्या बेअरिंगची जोडी असते. मोटारसायकलवाल्यालाही ती ठाऊक आहे, बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. अडतं ते ऑइल सीलवर, कारण त्याचं माप मशीनप्रमाणे बदलतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये जातं, आणि मग टबच्या मागं गंजाचा ओघळ दिसतो. बेअरिंग बदलून जुनंच सील परत बसवणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

मिलिंद, तुझ्या कायद्याचं एक राहिलं. मोटर, बेअरिंग, पीसीबी तिथं दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकाला मिळतात. घरच्या ग्राहकाला दार, रबर, साबणाचा कप्पा एवढंच. शाहूपुरीतला मिस्त्री त्या यादीत कुठून येणार? मशीन इथून पाठवलीस तर ती तिथं अनाथ.

---

स्मिता:

साबणावरून आठवलं. पातळ साबण चांगला की पावडर? आमच्याकडे दाराच्या रबरात काळं धरतंय.

---

नीता:

स्मिता, कमी साबण आणि धुऊन झाल्यावर दार उघडं. महिन्यातून एकदा रिकामी मशीन ६० वर फिरव. आता कृपया मूळ विषय.

---

अश्विनी:

काका, संजूनं दोन्ही केलं. व्हिडिओ वेगळा पाठवलाय, आवाज कमी करून बघा. आई मागून सूचना देतेय.

जाळीत चिखलाची चकती बसली होती. ती काढल्यावर सकाळी टाकी भरलेली असताना बादली दीड मिनिटात भरली आणि मशीन शेवटपर्यंत चालली. संध्याकाळी टाकी तळाला होती तेव्हा बादलीला पाच मिनिटं गेली, आणि मशीन तशीच अडली, तोच दिवा. म्हणजे पीसीबी बिचारं ठीक आहे.

ड्रम खेळत नाही, घरघर आहे. मागं गंज दिसला नाही. टबाला कडेनं स्क्रू आहेत, संजूनं टॉर्च मारून बघितलं.

आता काय करू? टाकीखाली स्टँड की पंप?

---

रणजित:

पंप. छोटा प्रेशर पंप, भिंतीला लावायचा, तासाभराचं काम. स्टँडचं वेल्डिंग, क्रेन, टाकी रिकामी करा, कोण करत बसणार?

---

शशीकाका:

पंप घेतलास तर एक गोष्ट नक्की बघ. स्वस्त पंपात फ्लो स्विच असतो, पाणी वाहायला लागलं की तो सुरू होतो. इथं मुळात पाणी नीट वाहतच नाही, म्हणून तो कधी सुरू होतो, कधी नाही. प्रेशर स्विचचा, म्हणजे दाब उतरला की सुरू होणारा, घ्यायला हवा. शिवाय टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा फिरून जळतो, म्हणून ड्राय-रन संरक्षण हवं. म्हणजे मशीन वाचवायला आणखी एक मशीन, आणि तिला आणखी एक मिस्त्री.

स्टँडला मिस्त्री लागत नाही. तीन ते साडेतीन फुटांचा अँगलचा स्टँड उद्यमनगरात कोणीही वेल्ड करून देईल. मग टाकी तळाला गेली तरी ३ मीटर मिळतात. पण १००० लिटर म्हणजे एक टन वजन. स्टँडचे पाय बीमवर यायला हवेत, नुसत्या स्लॅबच्या मधोमध नव्हे. पायांखाली प्लेट. टाकी बांधून घ्यायची, रिकामी असताना वाऱ्यानं सरकते. घर जुनं आहे, तेव्हा आधी एखाद्या सिव्हिलवाल्याला दाखव.

---

मिलिंद:

माझं मत अजूनही नवी मशीन. ज्या मशीनचं बेअरिंग आज घरघरतंय ते उद्या जाणार, आणि तेव्हा संजू साइटवर असेल.

---

रणजित:

तेव्हा आमचा मिस्त्री असेल. नंबर ताईंना वेगळा पाठवतो, लिस्टवर टाकला तर नीताताई ओरडतील.

---

नीता:

ओरडणार नाही. कोणाचाही फोन नंबर लिस्टवर टाकायचा नाही हा नियम सगळ्यांसाठी आहे.

---

अश्विनी:

ठरलं. ऑर्डर नाही. बीम कुठून जातोय ते बघायला आईच्या ओळखीचे एक सिव्हिल इंजिनिअर उद्या येतायत. त्यांनी हो म्हटलं तर संजू शनिवारी स्टँड करून घेईल. नाही म्हणाले तर काका म्हणतात तसला प्रेशर स्विचचा पंप. तोपर्यंत आई सकाळीच कपडे लावणार. टाकी संध्याकाळी परत भरून ठेव म्हटलं, तर म्हणाली, मशीनसाठी मोटार चालवून लाइटबिल कोण भरणार.

बेअरिंग आणि सील दिवाळीत मी गेल्यावर. रणजित, मिस्त्रीला आत्ताच विचारून ठेव की या मॉडेलचं ऑइल सील कोल्हापुरात मिळतं का. नसेल तर माप कळव, इथून घेऊन येते.

मिलिंद, पुढची मशीन घेताना टबाला स्क्रू आहेत की नाही हे दुकानात कसं बघायचं? विक्रेता मशीन उलटी करून दाखवत नाही.

---

मिलिंद:

दाखवणार नाहीच. मॉडेल नंबर लिहून घे आणि त्याच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन कर. बेअरिंग आणि पीसीबी सुटं मिळतं का, केवढ्याला, एवढंच विचार. ‘टब असेंब्ली’ म्हणाले की फोन ठेव.

---

स्मिता:

अश्विनी दिवाळीत जातेय का? मग येताना कांदा-लसूण चटणी. अर्धा किलो. सामानाच्या लिस्टवर पण टाकते.