स्पॉयलर कधी टाकला यापेक्षा कुठे टाकला ते बघा

रात्रपाळी (धागाकर्ता)

कुठलीही मोठी सिरीज संपली की स्पॉयलरवरून, म्हणजे न बघितलेल्यांसमोर शेवट फोडण्यावरून, तीच भांडणं सुरू होतात. एक गट म्हणतो दोन आठवडे कुणी तोंड उघडायचं नाही, दुसरा म्हणतो वीकेंड गेला ना, आता नसेल बघितलं तर तुमचं नशीब. मला हा मुदतीचा हिशोबच पटत नाही. सगळे एपिसोड एकाच दिवशी टाकणारी सिरीज आणि दर आठवड्याला एक एपिसोड येणारी सिरीज, दोघींना एकच मुदत कशी लावणार? कुणी रात्रभर जागून संपवतो, कुणी महिनाभर पुरवून पुरवून बघतो, कुणाच्या घरी लहान मूल आहे म्हणून अर्धा अर्धा एपिसोड होतो, यात चुकतंय कुणाचं?

म्हणून माझं म्हणणं, तारीख सोडा, जागा बघा. पोस्टची पहिली ओळ, फोटो, व्हिडिओचा थंबनेल, हेडिंग आणि भलत्याच विषयावरच्या पोस्टखालची कमेंट. या जागा वाचणारा निवडत नाही, स्क्रोल करताना आपोआप नजरेखाली येतात. तिथे दहा वर्षं जुन्या सिनेमाचाही शेवट लिहू नये. आणि वर सिरीजचं नाव देऊन "खाली शेवटाची चर्चा आहे" असं लिहिलं असेल तर पहिल्या दिवशीच खुशाल चिरफाड करा, आत आलेल्याने मग रडायचं नाही.

सगळ्यात डोक्यात जातं ते म्हणजे कॅरॅक्टरचा फोटो आणि खाली "भावपूर्ण श्रद्धांजली". विनोद कळला हो, पण मेला कोण तेही कळलं ना!

ठोकळा

अजिबात पटलं नाही. दहा वर्षं जुना सिनेमा? म्हणजे जन्मभर कुजबुजत बोलायचं? लोकं सोशल मीडियावर येतात ती बोलायलाच, आणि नवीन एपिसोडबद्दल बोलायची मजा त्याच रात्री असते, चार दिवसांनी ते शिळं होतं. तुम्हाला टाळायचंय तर तुम्ही टाळा. ट्विटरवर शब्द म्यूट करता येतात, म्हणजे ते शब्द असलेल्या पोस्टी दिसतच नाहीत, सिरीजचं नाव आणि चार कॅरॅक्टरची नावं टाकली की झालं काम. तेवढे कष्ट घ्यायचे नाहीत आणि बाकी सगळ्यांनी मात्र तोंडाला कुलूप लावायचं, हा कुठला न्याय?

रात्रपाळी

@ठोकळा, म्यूट फक्त लिहिलेल्या शब्दाला लागतं. फोटोला लागत नाही, मीमला लागत नाही, आणि लोकं कॅरॅक्टरला लाडाच्या नावाने हाक मारतात ती सगळी कुठून टाकू? वर अल्गोरिदमला माहितीये की मला ही सिरीज आवडते, मग तो शोधून शोधून त्याच पोस्टी पुढे आणतो. नुसतं कलाकाराचं नाव सर्चमध्ये टाकायला जावं तर खाली सजेशन येतं "अमुकला कुणी मारलं". आणि कुजबुजायला सांगतोय कोण, पहिली ओळ सोडून दुसऱ्या ओळीपासून ओरडा की.

पुस्तकी_किडा

थोडं वेगळं सांगते. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड त्यांची नावं, बारा लघुकथा घेऊन प्रयोग केला होता. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. सरासरी बघता शेवट माहीत असलेल्यांनाच कथा जास्त आवडल्या, रहस्यकथासुद्धा! त्यामुळे शेवट कळला की सगळं संपलं हे आपण जरा जास्तच ताणतो असं मला वाटतं. चांगली गोष्ट दुसऱ्यांदा बघताना मजा येतेच ना.

खिडकीतली_सीट

@पुस्तकी_किडा ताई, तो प्रयोग लघुकथांचा होता, काही मिनिटांत वाचून होणाऱ्या. ज्या कॅरॅक्टरबरोबर माणूस पाच सीझन राहिलाय त्याला ते कसं लागू होणार? आणि २०१५ मध्ये जॉन्सन आणि रोझेनबाम यांचा अभ्यास आला त्यात उलटं निघालं, शेवट न कळलेल्यांना गोष्ट जास्त रंजक आणि उत्कंठेची वाटली. तेव्हा संशोधनाने हा वाद मिटत नाही. आणि मुळात दुसऱ्यांदा बघण्याची मजा कुठे पळून जातेय, ती कधीही घेता येते. पहिल्यांदा बघणं एकदाच होतं आणि ते कसं करायचं हे माझं मी ठरवीन, प्रयोगात कुणाला काय आवडलं त्याच्याशी मला काय करायचंय.

पुस्तकी_किडा

हे शेवटचं वाक्य मान्य. मुद्दाम सांगावं असं मी म्हटलंच नव्हतं पण.

जुना_प्रेक्षक

हे सगळं सोशल मीडियाच्या आधीपासूनचं आहे. १९६० साली 'सायको' आला तेव्हा दिग्दर्शक हिचकॉकने नियमच केला होता की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडायचं नाही. लंडनला 'द माउसट्रॅप' नाटक १९५२ पासून चालू आहे (मध्ये कोरोनाने बंद पडलं होतं तेवढं सोडा) आणि खेळ संपला की प्रेक्षकांना सांगतात, खुनी कोण ते बाहेर बोलू नका. लोकं बऱ्यापैकी पाळतातही. तिकडे विकिपीडियावर खुन्याचं नाव सरळ लिहिलंय, २०१० मध्ये नाटकाची लेखिका अगाथा ख्रिस्तीच्या नातवाने नाराजी दाखवली तरी काढलं नाही. मला विचाराल तर विकिपीडियाचं बरोबरच आहे, तिथे माणूस माहिती शोधायला स्वतःहून जातो. म्हणजे रात्रपाळी म्हणतायत तेच, जागेचा प्रश्न.

ठोकळा

काका, नाटक बघणारे एका वेळी काहीशे. इथे लाखो लोकं एकदम बोलतायत, तिथला शहाणपणा इथे कसा चालेल?

अर्धी_चादर

मला एक वेगळाच वैताग आहे. "मी काहीही सांगत नाही हं, पण शेवटची पंधरा मिनिटं रुमाल घेऊन बसा." अगं बाई, सांगितलंस की सगळं! किंवा "असा ट्विस्ट आहे ना, कल्पनाच करू शकणार नाहीस". आता मी पहिल्या सीनपासून प्रत्येकावर संशय घेत बसणार आणि अर्ध्यात ओळखणारच. ही लोकं स्वतःला फार सभ्य समजतात.

ठोकळा

घ्या! आता आवडलं एवढंही सांगायचं नाही.

अर्धी_चादर

"आवडलं, बघ" एवढं सांग ना. पंधरा मिनिटांचा हिशोब कोणी मागितला?

खिडकीतली_सीट

मॅचचं मात्र वेगळं धरते मी. लाइव्ह मॅचचा निकाल ही बातमी आहे, रेकॉर्डिंग बघणाऱ्याने स्वतः फोन बंद ठेवावा. सिनेमाचा शेवट आज रात्री घडलेला नसतो, तो बातमी नाही.

ठोकळा

बरं, सगळा दोष आम्हा पोस्ट टाकणाऱ्यांचाच का? ट्रेलरमध्येच निम्मी गोष्ट दाखवतात. सिरीजचं अधिकृत पान दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायमॅक्सचाच फोटो टाकतं. त्यांना कोण विचारणार?

रात्रपाळी

त्यांनाही विचारावं, हा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी तर आवडत्या सिरीजची अधिकृत पानं सीझन चालू असेपर्यंत अनफॉलोच करून टाकतो. पण कंपनी करते म्हणून ग्रुपवरच्या मित्राने पण करावं असं थोडीच आहे.

जुना_प्रेक्षक

सोयी आहेत हो सगळीकडे. टेलिग्राम, डिस्कॉर्डवर मजकूर झाकता येतो, बोट लावलं तरच दिसतो. पूर्वी युजनेटवर, म्हणजे इंटरनेटच्या जुन्या चर्चागटांवर, लोकं प्रत्येक इंग्रजी अक्षर वर्णमालेत तेरा घरं पुढे सरकवून लिहायची, ज्याला हवं तो उलटं करून वाचेल. एवढी मेहनत घ्यायची माणसं! व्हॉट्सॲपवर काही नाही तर सात-आठ ओळी नुसते टिंब टाका.

अर्धी_चादर

आणि नुसतं "स्पॉयलर अलर्ट" लिहिणाऱ्यांचं काय करायचं? कशाचा ते कळायला पुढचं वाक्य वाचावं लागतं आणि पुढच्या वाक्यात तो मेलेला असतो. सिरीज, सीझन, एपिसोड, तिन्ही लिहा वर.

ठोकळा

फॉर्मच भरून घ्या ना मग.

अर्धी_चादर

हो, तीनच रकाने आहेत, भरा.