मदत हवी आहे: गायीच्या भ्रूणांसाठी रेफरन्स जीन कुठले घेऊ?

नमस्कार मंडळी, मी आयव्हीएफने तयार केलेल्या गायीच्या भ्रूणांवर क्यूपीसीआर (कुठल्या जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) करतेय, २-पेशी, ८-पेशी, मोरुला आणि ब्लास्टोसिस्ट असे टप्पे, प्रत्येक ट्यूबमध्ये १० भ्रूण. सगळे वापरतात म्हणून मीही रेफरन्स जीन (ज्यांच्याशी बाकीचे जीन ताडायचे ते स्थिर जीन) म्हणून जीएपीडीएच आणि बीटा-ॲक्टिन घेतले, पण भ्रूणांची संख्या सारखी ठेवूनही जीएपीडीएचचा सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसतो तो आकडा) २-पेशीपासून ब्लास्टोसिस्टपर्यंत जवळपास ४ सायकल सरकतोय, म्हणजे दर सायकलला दुप्पट धरून चक्क १६ पटींचा फरक, मग ह्याच्यावर नॉर्मलाइज तरी काय करायचं!

गायीत साधारण ८ ते १६ पेशींच्या सुमारास भ्रूणाचा स्वतःचा जीनोम चालू होतो, तोवर सगळा कारभार अंड्यातून आलेल्या आरएनएवर, आणि तो तर संपतच जाणार, त्यामुळे एकच जीन सगळीकडे स्थिर राहील ही अपेक्षाच चुकली असं मला वाटतंय.

आता वायडब्ल्यूएचएझेड, एसडीएचए, एचपीआरटी१ आणि एच२ए.झेड हे जीन लावून जीनॉर्म आणि नॉर्मफाइंडर (जीन किती स्थिर आहेत ते तपासणारे प्रोग्राम) दोन्हीत बघणार आहे. प्रश्न असा की सगळे टप्पे एकत्र टाकून स्थिरता बघायची की जीनोम चालू व्हायच्या आधीचे आणि नंतरचे वेगवेगळे? व्ही२/३ (दोनऐवजी तीन जीन घेतल्याने किती फरक पडतो तो जीनॉर्मचा आकडा) ०.१५ च्या खाली आला तर दोन जीन खरंच पुरतात का?

अजून एक, सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) ऑलिगो-डीटीने, म्हणजे पॉली-ए शेपटीला चिकटणाऱ्या प्रायमरने केलाय, आणि सुरुवातीच्या टप्प्यांत आरएनएच्या टोकाची ही पॉली-ए शेपटी लांबीला कमीजास्त होते, म्हणजे माझा अर्धा घोळ तिथेच असेल का? रँडम हेक्झामरने (आरएनएवर कुठेही चिकटणाऱ्या छोट्या प्रायमरने) परत करू, की लायसिसच्या (पेशी फोडायच्या) वेळीच ल्युसिफरेज आरएनए स्पाइक-इन, म्हणजे तुलनेसाठी बाहेरचा आरएनए ठरावीक प्रमाणात टाकू? भ्रूण फार थोडे उरलेत, कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सांगा.