मदत हवी आहे: मर्यादित आवृत्तीची प्रिंट घेतली, आता तीच मोठ्या आकारात विक्रीला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एका छायाचित्रकाराची मर्यादित आवृत्तीतली प्रिंट आहे. खालच्या कडेला पेन्सिलीने ७/२५ (म्हणजे २५ पैकी सातवी प्रत) आणि सही, सोबत प्रमाणपत्र. आता त्याच फोटोच्या दुप्पट आकाराच्या प्रिंट्स, वेगळ्या कागदावर, पुन्हा १ पासून क्रमांक घालून विक्रीला आल्यात. विचारलं तर उत्तर मिळालं, "ती आवृत्ती वेगळी, ही वेगळी." असेलही, पण पचनी पडत नाही.

थोडी शोधाशोध केली. अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांच्यावर २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये असाच दावा झाला होता. आधी मर्यादित संख्येत डाय-ट्रान्सफर (रंग एकेक करून कागदावर उतरवण्याची जुनी पद्धत) प्रिंट्स विकल्या, मग त्यातल्याच काही फोटोंच्या मोठ्या डिजिटल प्रिंट्स लिलावात आल्या. जुन्या प्रतींची किंमत पडेल, अशी संग्राहकाची तक्रार. २०१३ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला. चित्र विकलं तरी कॉपीराइट सहसा कलाकाराकडेच राहतो, हे मलाही मान्य आहे.

माझं घोडं अडलंय ते प्रमाणपत्रापाशी. त्यात "एकूण २५ प्रती" एवढंच लिहिलंय. आकार, कागद, कशाचाच उल्लेख नाही (आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे कलाकार स्वतःसाठी ठेवतो त्या क्रमांकाबाहेरच्या प्रती, किती, तेही नाही). मग हे २५ त्या आकारापुरते, की त्या प्रतिमेचे? असा मोघम मजकूर कुणी वकिलाला दाखवलाय का? आणि पुढच्या खरेदीत "कोणत्याही आकारात, कोणत्याही माध्यमात" अशी अट लेखी मागितली, तर कलाकार देतात की तिथेच व्यवहार फिसकटतो? छायाचित्रकार मंडळींनीही आपली बाजू जरूर सांगा.