मुलगा दिवसभर गेमचे व्हिडिओ बघतो, चालतील की नाही कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

रामबागची_सून:
जरा लवकर सांगा प्लीज, सोमवारपासून सुट्ट्या लागतायत आणि मी दिवसभर ऑफिसात. मुलगा गेमचे व्हिडिओ बघतो, स्वतः खेळत नाही, दुसराच कोणीतरी खेळतो आणि हा तोंड उघडं टाकून बघत बसतो, यात काय मजा आहे देव जाणे. बंद केलं की रडारड, आणि चालू ठेवलं तर काल सासूबाईंना म्हणाला "अबे हट ना बुढिया". घरात असं कोणी बोलत नाही हो. मी शेजारी बसून बघितले पण मला सगळे एकसारखेच वाटतात, नुसता आरडाओरडा. चांगला कोणता, वाईट कोणता, कसं ठरवायचं? इंदूरचं कोणी असेल तर सांगा. लेक्चर नको.

मांडवीकर:
वय काय? गेम कोणता? फोन कोणाचा? एवढंही न लिहिता काय सांगणार कोणी.

लष्करचा_जुना_माणूस:
ताई, फोन कपाटात ठेवा आणि किल्ली कमरेला. आम्ही ग्वाल्हेरला सुट्टीत उन्हातान्हात पतंग उडवायचो, कोणाला काही झालं नाही. सकाळी मल्लखांबाला पाठवा, दुपारी आपोआप झोपेल.

रामबागची_सून:
काका, फोन कपाटात ठेवायचा तर तो सासऱ्यांचा आहे, त्यांना भजनं ऐकायला लागतो. मुलगा तिसरीत आहे. गेम गाड्यांचा आहे असं तो म्हणाला, आणि एक ठोकळ्यांचा.

दांडिया_बाजार_७१:
यूट्यूब किड्स टाका, विषय संपला. माझ्या मुलीला तेच दिलंय. त्यात ५ ते ८ आणि ९ ते १२ असे वेगवेगळे वयोगट असतात, आणि हवं तर आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असंही करता येतं.

मांडवीकर:
विषय कसला संपतो. तिसरीतल्या पोराला ते बाळांचं ॲप वाटतं, दोन दिवसांत आजोबांचा फोन परत हातात. माझा पुतण्या तर "मी काय बेबी आहे का" म्हणून रुसून बसला होता.

दांडिया_बाजार_७१:
तुमच्या पुतण्याचं मला माहीत नाही. मोठ्या वयोगटात गेमिंगचे व्हिडिओही असतात, एकदा बघून मग बोला.

चष्मेवाले_काका:
डोळ्यांचं कोणी बोलतच नाहीये! दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायचं, लिहून फ्रिजवर लावा. आणि अंधारात फोन अजिबात नको.

रामबागची_सून:
डोळे ठीक आहेत काका. मी डोळ्यांचं विचारलंच नव्हतं.

राजवाडा_गेमर:
ताई मी इंदूरचाच, लोकमान्य नगर. स्वतः खेळतो म्हणून सांगतो. ठोकळ्यांचा म्हणजे माइनक्राफ्ट, त्याला युरोपात ७+ रेटिंग आहे. "गाड्यांचा" हे मात्र नीट बघून घ्या, बहुतेक जीटीए ५ असणार. २०१३ चा गेम आहे, युरोपात १८+, अमेरिकेत १७+. हिंदी चॅनलवाले त्यात सुपरहिरो आणि कार्टूनची पात्रं घालून गोष्टी बनवतात, थंबनेल इतकं रंगीत की पोरांचाच कार्यक्रम वाटावा. मुलगा खोटं बोलत नाहीये, गाड्या असतातच, पण त्याच गोष्टीत माणसं उडवणं आणि पोलिसांवर गोळ्या झाडणं पण असतं.
पण नुसत्या गेमच्या नावावर जाऊ नका. रेटिंग गेमचं असतं, व्हिडिओत वरून बोलणारा काय बोलतो त्याचं कोणी रेटिंग काढत नाही. माइनक्राफ्ट खेळत खेळत घाण शिव्या देणारे आहेत, आणि गोळीबाराचा गेम असून नीट शांत बोलणारेही आहेत. तुमचं "अबे हट" गेममधून नाही आलं, बोलणाऱ्याकडून आलंय. म्हणून स्क्रीनकडे पाठ करून नुसतं ऐका, इअरफोन काढायला लावून. तुम्ही पोळ्या लाटत असाल तरी चालेल. दहा मिनिटांत कळतं हा मित्राची खेचतोय की आईबहिणीवर चाललाय. एवढाही वेळ नसेल तर व्हिडिओच्या माहितीत खाली ट्रान्सक्रिप्ट दाखवा असं असतं, म्हणजे व्हिडिओत बोललेलं सगळं लिहून दिसतं, ते भराभर वाचा. सगळ्या व्हिडिओंना नसतं आणि शब्द चुकतात, पण भाषेचा अंदाज येतो.
आणि माहितीतल्या लिंका बघा. फुकट डायमंड (गेममधले पैसे), फुकट स्किन (गेममधले कपडे), इथे लॉगिन करा, असं काही दिसलं की ते चॅनल बंद. चांगल्या यूट्यूबरला असल्या लिंका लागत नाहीत.

लष्करचा_जुना_माणूस:
आईबहिणीवरून आठवलं, पबजीवर सरकारने बंदी घातली होती ना? मग हे कसं चालू आहे?

राजवाडा_गेमर:
काका, ती २०२० मध्ये. नंतर २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय नावाने आला, २०२२ ला तो पण काढला, २०२३ ला परत आला. पण बंदी ॲपवर होती, व्हिडिओवर नव्हती.

तिळक_नगर_आई:
बरोबर बोललात दादा. आमच्याकडे मी त्यालाच विचारते, "हा काय करतोय, मला समजाव". समजावता समजावता कुठे अडखळतो तेच मी बघते. एकदा एका चॅनलबद्दल विचारलं तर पटकन म्हणाला, "आई, हा वाला तू नको बघू". मग मला बघावा लागलाच नाही.

रामबागची_सून:
हिस्टरी उघडून बघितली आत्ता. एक भजन, तीन गाड्या, एक भजन, मग कोणाचातरी पोलिस चोर वगैरे, मग परत भजन. थंबनेलवर तोच जीटीए लिहिलंय, बरोबर होतं तुमचं. एक लावून पाठ करून ऐकला तर पहिल्या मिनिटातच "तेरी तो". माइनक्राफ्टवाला एक मुलगा मात्र चांगला आहे, घर बांधतो आणि सांगतो पण शांतपणे. आता सासऱ्यांचं अकाउंट आहे ना, यूट्यूबला वाटत असेल आजोबाच बघतायत?

राजवाडा_गेमर:
हो ना, ७० वर्षांच्या माणसाला कशाला गाळून दाखवेल! मुलाचं वेगळं अकाउंट करा, तुमच्या अकाउंटला जोडून. त्यात ९+ चा पर्याय असतो, गेमिंग त्यातही येतं, पण ५ ते ८ साठी असेल तर किड्सच बरं (बघा, दांडिया बाजारवाल्यांचं पण खरं आहे). आजोबांच्या फोनवर यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (मोठ्यांचे व्हिडिओ गाळणारं सेटिंग) चालू करा आणि त्या शिवीवाल्याच्या व्हिडिओवर तीन टिंब दाबून हे चॅनल सुचवू नका करा. शंभर टक्के काही गाळलं जात नाही हे धरून चाला.

मांडवीकर:
रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये कमेंट पण दिसत नाहीत, तो फायदाच. पण आजोबा म्हणतील माझं भजन कुठे गेलं.

दांडिया_बाजार_७१:
आजोबांच्या भजनाला काय होतंय. धन्यवाद, निदान एक जण म्हणाला माझं खरं आहे.

रामबागची_सून:
ठीक आहे, आज रात्री बसून करते. माइनक्राफ्टवाला ठेवते, गाड्यावाले तीन उडवते, रडला तर रडला. सासूबाईंची माफी मात्र त्याला आजच मागायला लावणार. एकच सांगा, आमच्या टीव्हीवर पण यूट्यूब आहे, फोनवर केलं की तिथे आपोआप होतं का?

राजवाडा_गेमर:
नाही. रिस्ट्रिक्टेड मोड प्रत्येक ठिकाणी वेगळा लावावा लागतो. टीव्हीवर सेटिंगमध्ये जाऊन परत चालू करा, आणि तिथे पण आजोबांचंच लॉगिन आहे का ते आधी बघा.