नोमला जर्मन सरकारचे १० लाख युरो, पण ॲक्सेसिबिलिटीला का?

लिनक्सनवशा:
२०२३ मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने नोमला (लिनक्सचा डेस्कटॉप) १० लाख युरो दिले, त्यात ॲक्सेसिबिलिटीचं, म्हणजे अपंगांना वापरता यावं यासाठीचं, काम बरंच होतं म्हणे. फुकट सॉफ्टवेअरला सरकारने पैसे कशाला द्यायचे? आणि हे काम व्हॉलंटिअर करत नाहीत का?

ओर्कावाला:
करतात ना, पण किती दिवस करणार? मी स्वतः ओर्का वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, दिसत नाही मला. ओर्का आधी सन कंपनीच्या पगारावर चालायचं, २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि ती टीमच गेली, मग पुढे मोजक्याच लोकांनी गाडा ओढला. त्यात वेलँड आलं, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी लिनक्सची नवी यंत्रणा. तिच्या आधीच्या जुन्या एक्स११ मध्ये कुठलंही ॲप सगळा कीबोर्ड ऐकू शकायचं, सिक्युरिटीच्या नावाने बोंब, पण ओर्काचे शॉर्टकट त्यावरच चालायचे! वेलँडमध्ये ते बंद झाल्यावर सगळं खालपासून नव्याने बांधायचं, हे रविवारी दोन तास बसून होणारं काम नाही हो. त्याच पैशातून न्यूटन नावाचा ॲक्सेसिबिलिटीच्या नव्या रचनेचा प्रोटोटाइप झाला.

लिनक्सनवशा:
अच्छा, हे डोक्यातच नव्हतं. मराठी वाचतं का ओर्का?

ओर्कावाला:
ईस्पीक एनजी (मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, वाचतं. आवाज रोबोटसारखा आहे, जोडाक्षरांना कधी कधी धडपडतो, सवय होते.

चहाबाज:
पण एकदाच पैसे देऊन काय उपयोग? काम संपलं की डेव्हलपर दुसरीकडे जाणार आणि बग पुन्हा आपल्या गळ्यात. देखभालीला दरवर्षी द्या की!