डोमिसाईल नसल्याने कर्जाचा अर्ज परत – मदत हवी आहे

वेणुग्राम
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. घरी मिठाई करून विकते, आता मशीन घ्यायचंय म्हणून सरकारी योजनेत अर्ज भरला. एजंटनं 'उद्यम' (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) काढून देतो म्हणून पंधराशे घेतले ते वेगळेच. अर्ज परत आला: डोमिसाईल (अधिवासाचा दाखला) जोडा. नवी मुंबईत येऊन चारच वर्षं झालीत, पंधरा वर्षांचे पुरावे कुठून आणू? एका कार्यालयात दोन चकरा मारल्या, तर म्हणे तुमचा भाग आमच्याकडे येत नाही. बाहेरून आलेल्यानं धंदा करूच नये का? कुणी मार्ग सांगा, लवकर.

बेलापूरकर
कुठली योजना? नवी मुंबईत कुठे? आणि बाहेरून म्हणजे कुठून? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

सीवूड्सचा_अण्णा
जीएसटी काढलाय का? मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर लागत नाही. पण परराज्यात माल विकलात की लागतो, रक्कम कितीही असो.

वेणुग्राम
अण्णा, जीएसटीचं कुणी विचारलंय? योजना मुख्यमंत्र्यांची का पंतप्रधानांची ते एजंटला विचारावं लागेल. मी बेळगावची. कुंदा करते. खवा मशीन आणि डीप फ्रीझर मिळून तीन लाखांचं कोटेशन आहे. राहते कामोठ्यात.

बेलापूरकर
अहो ताई, कामोठे रायगड जिल्ह्यात! सिडकोनं वसवलं आणि आपण नवी मुंबई म्हणतो, पण महापालिका पनवेलची, तहसील पनवेल आणि हे अर्ज बघणारं जिल्हा उद्योग केंद्र अलिबागला. ठाण्याचं केंद्र वागळे इस्टेटला आहे, ते बेलापूरपर्यंतचं बघतं. दोन चकरा त्यामुळेच गेल्या.
डोमिसाईल मागितलं म्हणजे अर्ज मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात गेलाय. पंतप्रधानांच्या योजनेत ती अट नाही. नावं सारखी, एजंट लोक सर्रास घोळ घालतात. आणि उद्यम नोंदणी फुकट असते हो. आधार-पॅन लागतं, बस. आधारवर बेळगावचा पत्ता असला तरी धंद्याचा पत्ता वेगळा टाकता येतो.

रबाळे_लेथ
पंतप्रधानांची योजना फक्त नव्या धंद्याला. बाई आधीच विकतायत. आणि अनुदान हातात पडेल या भ्रमात राहू नका. शहरी भागात महिलेला 25 टक्के, म्हणजे तीन लाखांवर 75 हजार. ते तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून पडून राहतात, हप्ता तुम्हीच भरायचा. माझ्या लेथचं असंच झालं. त्यापेक्षा मुद्रा योजनेतलं 'किशोर' कर्ज घ्या, 50 हजार ते 5 लाख. अनुदान नाही, पण कटकटही कमी.

कृषीकन्या_पनवेल
कटकट कमी? मुद्रासाठी बँकेनं मला सात महिने फिरवलं.
ताई, तुम्ही खाद्यप्रक्रियेत बसता. पीएमएफएमई बघा, छोट्या खाद्यउद्योगांसाठी केंद्राची योजना, इथे कृषी खातं राबवतं. चालू धंद्यालाही आहे, 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. पोर्टलवर अर्ज घेतायत का ते आधी पाहा. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे 'जिल्हा संसाधन व्यक्ती' नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवालापासून बँकेपर्यंत तेच मदत करतात. त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही.

मातीतला
इथल्या मुलांना कर्ज मिळत नाही आणि बाहेरच्यांना पायघड्या.

कृषीकन्या_पनवेल
बेळगावची मराठी बाई बाहेरची? सीमाप्रश्न आला की घोषणा द्यायला मात्र सगळे पुढे.

टिळकवाडी
वैनी, तुमचं गाव महाराष्ट्रानं मागितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांमधलं हाय काय बघा की. त्या दाखल्यावर आमच्या पोराला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला.

रबाळे_लेथ
ते शिक्षणाचं झालं. कर्जाला चालतं का, लेखी विचारा. ऐकीव गोष्टीवर अलिबागला जाऊ नका.

सीवूड्सचा_अण्णा
कुंद्यात दही घालता का? आमच्या इथे एकाचा कुंदा म्हणजे नुसता तपकिरी पेढा.

वेणुग्राम
घालते की. दूध आटत आलं की थोडं दही, ते फाटून दाणा येतो, मग साखर जाळून घालायची. पाच लिटरला दीड तास उलथनं हातात. मध्ये दारावरची बेल वाजली की तळाला लागलंच समजा, म्हणून तर मशीन हवंय! पण मला डोमिसाईलचं सांगा ना.

बेलापूरकर
एक विचारायचं राहिलं. घरगुती लाल सिलिंडरवर करताय का? धंद्याला 19 किलोचा व्यावसायिक लागतो, सोसायटीतल्या कुणी तक्रार केली तर पंचाईत. फूड लायसन्स आहे का? भाड्याचं घर असेल तर करारनामा आणि मालकाचं संमतीपत्र तयार ठेवा. दोघी-तिघींच्या कामाला गुमास्ता परवाना लागत नाही, 2017 च्या कायद्यानं ऑनलाइन नुसती सूचना द्यायची.
आणि मिस्टर कुठले?

वेणुग्राम
फूड नोंदणी आहे. सिलिंडरचं बोलू नका. मिस्टर चंदगडचे.

बेलापूरकर
चंदगड म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र! हे पहिल्या पोस्टीत लिहायचं होतं हो.

कृषीकन्या_पनवेल
माझ्या वहिनीचं माहेर हुबळी. तिचं डोमिसाईल भावाच्या कागदांवर निघालं: भावाचं डोमिसाईल, लग्नाचा दाखला, रेशन कार्डावर तिचं नाव. पनवेल तहसीलच्या सेतूत दिलं होतं.

रबाळे_लेथ
मग युनिट चंदगडलाच टाका ना. दूध तिथलंच, वर ग्रामीण म्हणून 25 ऐवजी 35 टक्के अनुदान.

वेणुग्राम
आणि गिऱ्हाईक कामोठ्यात, कुंदा काय रोज एसटीनं आणू? असो. मला वाटलं डोमिसाईल माझंच लागतं, ह्यांचा संबंध काय, म्हणून लिहिलं नाही. सगळ्यांचे आभार, मातीतला सोडून.
आता ह्यांना विचारलं तर म्हणे, 'मी कधी काढलंच नाही.' म्हणजे आधी ह्यांचं, मग माझं. गावी सासूबाईंना फोन लावलाय. ट्रंकेत ह्यांच्या शाळेचा दाखला शोधतायत. आत्तापर्यंत लग्नातला आहेर सापडलाय, दाखला नाही.