ऑल-माउंटन सायकल निवडताना: चढण आधी की उतार आधी?

चढणवेडा (धागाकर्ता)

माझी पहिली ऑल-माउंटन सायकल, म्हणजे डोंगर चढायलाही आणि उतरायलाही चालणारी, १७० मिमी ट्रॅव्हलची होती. ट्रॅव्हल म्हणजे सस्पेन्शन दबण्याचं अंतर. जेवढं सस्पेन्शन जास्त तेवढी उतारावर भीती कमी, असा सरळ हिशोब करून घेतली. भीती कमी झाली हे खरं. पण माथ्यावर पोचेपर्यंत पायांत त्राण उरायचं नाही. ज्या उतारासाठी एवढा आटापिटा, तोच मी थकलेल्या पायांनी आणि चुकीच्या जागी ब्रेक दाबत उतरायचो. तीन वर्षांनी १४५ मिमीची घेतली. आता वर ताजातवाना पोचतो आणि खालीही पूर्वीपेक्षा बरा उतरतो.

म्हणून माझं मत असं की उतार चांगला जमवायचा असेल तर सायकल आधी चढणीला चांगली हवी. चढणीला चांगली म्हणजे हलकी, असं बहुतेक जण धरून चालतात. तिथेच गफलत होते. मी आता सीट अँगल (सीटखालच्या नळीचा जमिनीशी कोन) आणि टायर आधी बघतो, ट्रॅव्हल त्यानंतर आणि वजन सगळ्यात शेवटी.

सीट अँगलचं सांगतो. सॅडल क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) मध्यापासून ७५ सेंमी उंच असेल आणि कोन ७३ वरून ७७ अंश केला, तर सॅडल जवळजवळ ५ सेंमी पुढे येतं. सपाटीवर हे फारसं लक्षातही येत नाही. १५ टक्के चढावर अख्खी सायकल साडेआठ अंश मागे कलते, त्यात मागचा शॉक दबून आणखी एक-दोन अंश जातात. ७३ अंशाच्या सायकलवर तिथे तुम्ही अक्षरशः मागच्या चाकावर बसलेले असता. पुढचं चाक उचलतं, भरकटतं, ते खाली ठेवायला तुम्ही सॅडलच्या टोकावर सरकता. पाय थकायच्या आधी कंबर थकते.

टायरचा हिशोब करून पाहा. ६ किमीत ६०० मीटर चढायचं आहे, स्वार, सायकल, पाणी, हत्यारं मिळून ९३ किलो. सायकल २ किलोने जड असेल तर त्याची किंमत साधारण १३ मीटर जास्त चढण्याएवढी. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स (फिरताना होणारा विरोध) फक्त ०.००५ ने जास्त असेल तर तो चढ अर्ध्या टक्क्याने वाढल्यासारखा, म्हणजे ३० मीटर जास्त. फ्रेममधले २ किलो कमी करायला लोक जिवाचं रान करतात आणि मागे सगळ्यात चिकट रबराचं टायर चढवतात.

तुमचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा.

---

खडकवाट

टायरच्या हिशोबाशी सहमत. मूळ मुद्द्याशी अजिबात नाही.

चढणीवर सायकल कमी पडली तर मी दहा मिनिटं उशिरा पोचतो, फार तर उतरून ढकलतो. उतारावर कमी पडली तर हाड मोडतं. हे पुस्तकी बोलणं नाही, माझ्या उजव्या मनगटात धातूची पट्टी बसवलेली आहे. १३० मिमीची सायकल, हेड अँगल (पुढच्या फोर्कचा जमिनीशी कोन) ६८ च्या जवळ. पावसाने धुतलेल्या वाटेवर गुडघ्याएवढी पायरी आली, पुढचं चाक खाचेत थांबलं आणि मी हँडलबारवरून पलीकडे. त्या दिवशी चढण मी सगळ्यांच्या आधी संपवली होती.

ऑल-माउंटन या नावातच कुठलाही डोंगर आला. मग सायकल त्यातल्या सगळ्यात वाईट जागेसाठी घ्यायची. १६० ते १७० मिमी, हेड अँगल ६४ च्या आसपास, चार पिस्टनचे ब्रेक, २०० मिमीचे रोटर (ब्रेकच्या चकत्या). २०१३ साली एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही शर्यतमालिका सुरू झाली तिचा साचाच असा होता की घड्याळ उतारावर चालायचं, आणि दोन उतारांमधली चढण ठरलेल्या मुदतीत पार केली की झालं. डोंगरात आपण तेच करतो. वर फक्त पोचायचं असतं.

---

चढणवेडा

खडकवाट, मनगटाचं वाचून वाईट वाटलं. पण एक विचारतो. तुम्हाला पाडलं ते १३० मिमीने की ६८ अंशांनी?

हेड अँगल पडका असला, म्हणजे अंश कमी आणि फोर्क जास्त तिरका असला, की पुढचं चाक तुमच्या बरंच पुढे राहतं. पायरीवरून उतरताना तुमचं वजन चाकाच्या टेकूच्या मागे राहतं, म्हणून सायकल पालथी होत नाही. हे ट्रॅव्हलवर नाही, भूमितीवर अवलंबून आहे. १४० मिमीच्या सायकलीही आता ६५ अंशांच्या मिळतात. ती जागा त्यांच्यावर निभावली असती असं मला वाटतं.

---

खडकवाट

एक पायरी निभावली असती, हे मान्य. वीस मिनिटांचा सलग खडकाळ उतार घ्या. कमी ट्रॅव्हलच्या सायकलवर प्रत्येक दगडाचा मार हातांना बसतो. पंधराव्या मिनिटाला बोटं ब्रेकवर नीट मिटत नाहीत आणि चूक तिथेच होते. भूमिती तुम्हाला योग्य जागी उभं करते, तिथे उभं राहायची ताकद ट्रॅव्हल टिकवून ठेवतं. तुम्ही वर थकलेल्या पायांबद्दल लिहिलंत. मी थकलेल्या हातांबद्दल बोलतोय.

---

जुनं हँडल

दोघांचं वाचून मजा आली. १९७६ ते १९७९ च्या दरम्यान कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळ रिपॅक नावाच्या उतारावर शर्यती व्हायच्या. पाय उलटे दाबून ब्रेक लावायचे, आणि एका उतारात हबमधलं ग्रीस जळून जायचं, म्हणून ते पुन्हा भरावं (इंग्रजीत रिपॅक करावं) लागे. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं. बिनगिअरच्या जड सायकली वर न्यायच्या तर ढकलत किंवा गाडीत टाकून. त्यांना गिअर बसले तेव्हा कुठे पॅडल मारत माथा गाठता येऊ लागला, आणि मग हा खेळ उतार शोधणाऱ्या मूठभर लोकांपुरता राहिला नाही.

म्हणून मी चढणवेड्यांच्या बाजूने. उतार खडकवाट म्हणतात तेवढा महत्त्वाचा आहेच, पण गाडीशिवाय तो पुन्हा पुन्हा भेटायचा असेल तर चढणच लागते.

---

पिव्हट

तुम्ही सगळे ट्रॅव्हलच्या आकड्यावर भांडताय. १६० मिमीच्या दोन सायकलींत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं, आणि ते कागदावरच्या मिमीत दिसत नाही.

पॅडल दाबलं की सायकल पुढे झेपावते, तुमचं वजन मागे सरकतं आणि मागचा शॉक दबू पाहतो. त्याच वेळी चेनचा ताण स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या भागाला) उलटा ओढतो. हे दोन्ही एकमेकांना जितके छेदतात त्याला अँटी-स्क्वॅट म्हणतात. १०० टक्क्यांच्या आसपास असेल तर शॉक पॅडलमुळे जवळजवळ हलत नाही. त्याच्या बराच खाली असेल तर दर पॅडलला सायकल डुलते आणि तुमची मेहनत शॉक गरम करण्यात जाते. मग वाटतं की १६० मिमी चढणीला वाईट. वाईट असते ती पिव्हटची, म्हणजे स्विंगआर्म ज्या सांध्यावर फिरतो त्याची, जागा.

हे फुकट मिळत नाही. अँटी-स्क्वॅट जास्त ठेवायचा म्हणजे चाक वर जाताना चेन ताणली जाणार, आणि तो झटका पॅडलमधून तळपायाला जाणवतो. खडकवाटांना उतारावर हात थकल्यासारखे वाटतात तसे काही सायकलींवर पाय झिणझिणतात, ते यामुळे. म्हणजे चढण आणि उतार यांची खरी ओढाताण या एका जागी आहे.

लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांच्या रचनेच्या) नावावरूनही काही कळत नाही. हॉर्स्ट लिंक या अशाच एका रचनेचं अमेरिकेतलं पेटंट २०१३ मध्ये संपल्यावर ती रचना अनेक कंपन्यांनी घेतली. नाव एकच, पण पिव्हट थोडा वर-खाली केला की स्वभाव पार बदलतो. शिवाय हा आकडा गिअरप्रमाणे बदलतो. पुढे ३२ ऐवजी ३० दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) लावली तरी थोडा फरक पडतो. त्यामुळे सायकल बघायला जाल तेव्हा मागच्या कॅसेटच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर, बसून, खऱ्या चढावर चालवा. मोकळ्या मैदानात दोन चकरा मारून हे कळणार नाही.

---

घोटभर पाणी

शॉकला क्लाइंब स्विच, म्हणजे त्याची हालचाल अडवणारा खटका, असतो की. त्याने शॉक बंद केला की डुलणं संपलं. एवढं गणित कशाला?

---

पिव्हट

डांबरी किंवा घट्ट मातीच्या चढावर जरूर बंद करा. सुट्ट्या दगडांवर आणि मुळांवर मात्र बंद शॉकचं चाक उसळतं, पकड सुटते आणि जागच्या जागी फिरतं. नेमक्या त्या चढणीवर मोकळा शॉक हवा असतो. जी सायकल शॉक मोकळा ठेवून चढते तिलाच मी चढणीला चांगली म्हणेन.

---

सपाटीचा माणूस

सीट अँगलबद्दल विरोधी मत नोंदवतो. ७७ अंशांची सायकल मी वर्षभर चालवली. उभ्या चढावर उत्तम, वाद नाही. पण माझ्या वाटेवर डोंगराच्या पायथ्यापर्यंत १५ किमी जवळपास सपाट आहे. तिथे सॅडल एवढं पुढे असल्यावर धडाचं वजन तळहातांवर येतं. अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या यायच्या. आता ७५ अंशांवर आहे आणि सुखात आहे. धाग्यात चढण आणि उतार दोनच गोष्टी धरल्यात, मधली वाट कोणी धरलीच नाही.

---

चढणवेडा

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, पटला. माझ्या फेरीच्या वाटेत सपाटी नाहीच. तुमच्या जागी मी असतो तर कदाचित ७५ वरच थांबलो असतो, फार तर हँडलबार जरा उंच करून पाहिला असता.

उंच स्वारांसाठी आणखी एक. जाहीर केलेला सीट अँगल हा परिणामी कोन असतो, एका ठरावीक उंचीवर मोजलेला. बऱ्याच फ्रेममध्ये प्रत्यक्ष नळी त्यापेक्षा बरीच पडकी असते. सॅडल जसजसं वर न्याल तसतसं ते मागे जातं. कागदावर ७७, पण लांब पायांच्या माणसाला तोच ७५ च्या जवळ मिळतो.

---

रानवाट

इथे सगळे हिशोब ७५ किलोच्या माणसाचे चालले आहेत. मी ५२ किलोची आहे, उंची ५ फूट २ इंच. माझ्यासाठी १५ किलोची सायकल म्हणजे अंगाच्या वजनाच्या २९ टक्के. चढणवेड्यांसाठी २० टक्के. वजन सगळ्यात शेवटी हे तुम्ही म्हणू शकता, मी नाही म्हणू शकत. आणि चढण एवढीच बाब नाही. खोल पायरीवर सायकल हाताने उचलावी लागते, वळणावर मागचं चाक उडवून जागेवर आणावं लागतं. तिथे दोन किलो थेट खांद्याला कळतात.

ट्रॅव्हलचंही तसंच. १७० मिमीची एक सायकल मी महिनाभर चालवली. शॉकमधली हवा कमी करून सॅग (नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो ते प्रमाण) ३० टक्क्यांवर आणला, तरी अवघड उतारावर शेवटचे ४० मिमी कधी वापरलेच गेले नाहीत. जे वापरत नाही ते ओझं वर वाहून का न्यायचं? खडकवाट, तुमचा सल्ला तुमच्या वजनाला बरोबर असेल, पण तो सगळ्यांना सरसकट देऊ नका.

आणि चाकांबद्दल कोणी बोललंच नाही. पूर्ण २९ इंची सायकलवर उभ्या उतारावर मागे सरकले की चाक अंगाला घासायचं. आता पुढे २९ आणि मागे २७.५ आहे. यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २०१९ मध्ये शर्यतींत अशी मिश्र चाकं चालवायला परवानगी दिली, तेव्हापासून ती सहज मिळू लागली. चढताना दगडावरून मागचं चाक जरा जास्त अडखळतं, हे खरं आहे. पण उतारावर मागे जायला जागा मिळाली आणि माझी भीती त्याने गेली, ट्रॅव्हलने नाही.

---

खडकवाट

रानवाट, सरसकट म्हणालो ते चुकलं. माझं वजन ८८ आहे आणि मी १६० मिमी दर फेरीत तळापर्यंत वापरतो. हलक्या स्वाराला तेवढीच खोली १४० मध्ये मिळत असेल तर माझा आग्रह नाही.

हेड अँगल आणि ब्रेक यांवर मात्र मी ठाम आहे. वजन वाचवायला १६० मिमीचे रोटर आणि दोन पिस्टनचे ब्रेक घेऊ नका, स्वार कितीही हलका असो. लांब उतारावर पॅड तापून लिव्हर पोकळ लागायला लागला की चढणीवर वाचवलेली सगळी मिनिटं विसरायला होतात.

---

चढणवेडा

ब्रेकवर शंभर टक्के सहमत. आणि रानवाट, वजनाचा क्रम मी माझ्यापुरता लावला होता आणि तो सगळ्यांचा समजून लिहिला. ९३ किलोत २ किलो आणि ७० किलोत २ किलो एकच नव्हेत.

खडकवाट, तुमच्यासाठी एक प्रस्ताव आहे. तुमच्या १६० च्या सायकलला मागे जाड केसिंगचं (रबराखालच्या कापडी अंगाचं), पण कडक रबराचं, कमी उंच रबरी गाठींचं टायर लावून पाहा. पुढचं चिकट टायर तसंच ठेवा. वळणाची पकड मुख्यतः पुढच्या चाकाची, आणि स्वार बसून चढतो तेव्हा भार मागच्यावर. त्यामुळे जे वाचतं ते मागेच वाचतं.

---

खडकवाट

ओल्या मुळांवर ब्रेक लावताना मागचं चाक सटकेल, ही धास्ती आहे. पण जाड केसिंग असेल तर करून पाहतो. त्या टायरमध्ये तुम्ही हवा किती ठेवता?

---

चढणवेडा

ट्यूबलेस, २.४ रुंदी, मागे २५ पीएसआय, पुढे २२. तुम्ही ८८ किलोचे आहात, मागे २८ पासून सुरू करा. रिम दगडाला लागल्याचा आवाज येत नाही तोवर एकेक पीएसआय खाली या.